टाके निघाल्यानंतरची पाच वर्षं

माझ्या गाडीच्या डिकीत बीपीचा एक मोठा कफ कायम असतो. मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरज भागातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत बोलावणं येईल तशी भूल द्यायला जाते. हा कफ मी स्वतःच्या पैशांनी घेतला, कारण जिथे जाईन तिथे तो असेलच याची खात्री नसते. दंडाचा घेर पंचेचाळीस सेंटिमीटर असलेल्या माणसाला नेहमीचा कफ कसाबसा गुंडाळला की आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. किती वर, ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ साली मोजून दाखवलं. ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो त्यांना साधा बांधला, तर वरचा दाब सरासरी जवळजवळ २० अंकांनी जास्त दिसतो. म्हणजे १२८ चा १४८ होतो. ज्याला बीपी नाही त्याला गोळी सुरू होते, किंवा ‘आज फिटनेस मिळत नाही’ म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. रुग्ण घरी जाताना आपल्या वजनाला दोष देत जातो. दोष कफाचा असतो.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात कफापासून केली, कारण लठ्ठ माणसाच्या वाट्याला येणारी असुरक्षितता बहुतेक वेळा अशा लहान गोष्टींत असते. मोठ्या शहरांतल्या जाहिरातींत मात्र ती कधी दिसत नाही. तिथे दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. या दोन फोटोंच्या अलीकडे आणि पलीकडे काय असतं, हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आधीच स्पष्ट करते, मी या शस्त्रक्रियेच्या बाजूची आहे. ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापायची वेळ आली नसती’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकते, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांकडूनही ऐकते. ते शास्त्राला धरून नाही. वजन बरंच उतरलं की शरीर ते परत मिळवायला झटतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा घटते. दीक्षित की दिवेकर, दोनदाच जेवायचं की थोडं थोडं सारखं खायचं, हा वाद महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात झाला. त्यातून अनेकांनी दहा-बारा किलो उतरवलेही. पण १३० किलोच्या माणसाला ते वजन वर्षानुवर्षं खाली ठेवणं केवळ निर्धारावर जमत नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्यासारखं निमुळतं नळकांडं. काढलेल्या भागात भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक सर्वांत जास्त तयार होत असतं. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात अन्नाची वाटच बदलते आणि मधुमेहावर त्याचा परिणाम वजन उतरण्याआधीच दिसू लागतो. इन्सुलिनची गरज काही दिवसांत कमी झालेली मी पाहिली आहे.

पुरावाही भक्कम आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या लोकांची तुलना तशाच पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांशी होत राहिली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी तीन वर्षं जास्त आयुष्य मिळालं. सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही पाच वर्षांहून अधिक कमीच राहिलं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि तेही रुग्णाला सांगायला हवं. धोक्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अनुभवी केंद्रांच्या २००९ सालच्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू हजारात तीन होते. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया लोकांना वाटते तितकी भयंकर नाही.

मग ती कोणाला द्यायची? इथे आपल्याकडे एक विचित्र अंतर पडलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या माणसांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार का गाठतात, ते त्या एका फोटोत कळतं. म्हणूनच २०२२ साली या क्षेत्रातल्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवे निकष दिले, तेव्हा बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा कुठलाही आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी असं म्हटलं, आणि आशियाई लोकांसाठी विचार २७.५ पासूनच सुरू व्हावा असंही सांगितलं. आपल्या मेडिक्लेमची अट मात्र बीएमआय ४०, किंवा ३५ आणि त्यासोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचा बीएमआय ३५ होतो सुमारे ८७ किलोला. त्याखाली असलेल्या मधुमेही बाईला विमा कंपनी थांबायला सांगते. कशाची वाट पाहायची, तर आजार आणखी वाढण्याची. ही अट बदलली पाहिजे.

आता माझ्या खोलीत या.

लठ्ठ रुग्णाच्या भुलेत आमची सगळी धडपड वेळेसाठी असते. सडपातळ निरोगी माणसाला आधी नीट ऑक्सिजन देऊन झोपवलं, तर श्वास थांबल्यावरही त्याच्या फुप्फुसातला साठा सात-आठ मिनिटं पुरतो. खूप वजनाच्या माणसात तो तीन मिनिटांतही संपतो, कारण उताणं झोपवलं की पोट फुप्फुसांना वर ढकलतं. त्यामुळे त्याला सपाट झोपवायचंच नसतं. पाठीखाली, खांद्यांखाली, डोक्याखाली चादरींच्या घड्या रचत जायचं, कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत येईपर्यंत. याला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं मागणाऱ्या भूलतज्ज्ञाला सर्जननं घड्याळ दाखवू नये. माझ्यासोबत काम करणारे वॉर्डबॉय मामा आता न सांगता चादरी घेऊन उभे असतात. त्यांचं नाव कुठल्याही शोधनिबंधात येणार नाही, पण रुग्ण सुखरूप राहण्यात त्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे.

त्याआधी एक प्रश्न मी रुग्णाला न विचारता नवऱ्याला किंवा बायकोला विचारते, ‘झोपेत घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का?’ घोरणं म्हणजे गाढ झोप, असं आपल्याकडे मानलं जातं. खरं तर अशा माणसाचा घसा रात्रभर मिटत-उघडत असतो. त्याला ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक सढळ हातानं दिलं, तर धोका टेबलावर नसतो, रात्री दोन वाजता वॉर्डात असतो. तेव्हा सर्जन घरी गेलेला असतो, मीही गेलेली असते, आणि वीस खाटांमागे एक सिस्टर असते. म्हणून अशा रुग्णाला पहिली रात्र सॅच्युरेशनचं यंत्र लावलेलं असलं पाहिजे, तेही अलार्म चालू ठेवून. झोपेत घसा उघडा ठेवणारं सीपॅपचं मशीन घरी असेल तर ते सोबत आणायला सांगितलं पाहिजे. यासाठी नवी इमारत लागत नाही.

अलीकडे आणखी एक प्रश्न वाढला आहे, वजनाच्या इंजेक्शनांचा. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. औषधं चांगली आहेत आणि अनेकांना शस्त्रक्रियेपासून दूर ठेवतील. पण ती जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात. रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या पोटात सकाळीही अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ साली नियोजित ऑपरेशनच्या आधी आठवडाभर इंजेक्शन थांबवायला सांगितलं. पुढच्या वर्षी इतर संघटनांसोबत ते शिथिल करून प्रत्येक रुग्ण पाहून ठरवा असं सांगितलं. ठरवायचं तर आधी कळायला हवं. लोक लाजेनं सांगत नाहीत. ‘व्यायामानं उतरवलं’ म्हणतात. ही लाज त्यांना कोणी दिली, याचा विचार आपण केला पाहिजे.

आमच्या भागातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. पित्ताशयात खडे, अधूनमधून पोटात कळ. ऑपरेशन ठरवायला एका रुग्णालयात गेल्या. तिथल्या काट्याचा आकडा संपला, काकू मात्र अजून त्यावर उभ्याच. औषधांचा डोस ठरवायला वजन हवंच होतं. काउंटरवरून उत्तर मिळालं की मार्केट यार्डात मोठा काटा आहे, तिथे वजन करून चिठ्ठी आणा. काकू चिठ्ठी आणायला गेल्या नाहीत. घरी गेल्या, आणि कळ आली की ओवा खाऊन झोपत राहिल्या. पुढे काही महिन्यांनी आल्या त्या डोळे पिवळे, अंगात थंडी-ताप आणि खडा नळीत अडकलेला अशा अवस्थेत. जे ऑपरेशन दुर्बिणीतून एका दिवसाचं होतं, त्याला आयसीयू लागलं. त्या वाचल्या. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाल्या, ‘मॅडम, पोत्यासारखं वजन करून घ्यायला नको वाटलं हो.’

अपमान हा वैद्यकीय धोका आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगते ते अशा रुग्णांमुळे. अपमान झालेला रुग्ण उशिरा येतो. उशिरा आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन अवघड होतं आणि मग आपणच म्हणतो, लठ्ठ रुग्णांत गुंतागुंत जास्त. २५० किलोपर्यंत मोजणारा काटा, हात नसलेली रुंद खुर्ची, मोठा गाऊन, किती भार पेलेल ते लिहिलेलं टेबल आणि खाट, एवढं तरी प्रत्येक रुग्णालयात हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. त्यातले अतिलठ्ठ थोडे असले तरी ते प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना अपेंडिक्स होतं, त्यांची बाळंतपणं होतात, अपघातात त्यांची हाडं मोडतात. त्यांच्यासाठीची तयारी फक्त वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बेरिऍट्रिक केंद्रांनी करून भागणार नाही.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

एक तरुण, तिशीच्या आतला, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. लग्न जमत नव्हतं म्हणून घरच्यांनी मोठ्या शहरात नेऊन स्लीव्ह करून आणलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं, हे मी फाइल पाहून सांगते. चौथ्या दिवशी घरी. त्यानंतर महिनाभरानं त्याला उलट्या सुरू झाल्या. खाल्लेलं राहीना, पाणीही राहीना. शहर शेकडो किलोमीटर लांब. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, ग्लुकोजचं. उलटी थांबली नाही की पुन्हा ग्लुकोज. घरचे म्हणत होते, वजन उतरतंय ना, मग चांगलंच आहे. पुढच्या पंधरवड्यात त्याला एकाचे दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तारीख विचारली तर सांगता येईना. कोणाला वाटलं चक्कर, कोणाला वाटलं मनावर परिणाम झाला.

हा बी-वन जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा अभाव होता. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो, आणि अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यात खर्च होऊन मेंदूला इजा होते. उपाय साधा आहे, आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. बेरिऍट्रिक सर्जरीतल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. पण हा मुलगा त्यांच्यापैकी कोणाच्याही समोर नव्हता. आमच्याकडच्या एका फिजिशियनच्या लक्षात आलं तेव्हा उपचार सुरू झाले. नजर सुधारली. पाय अजून बधिर आहेत आणि बागेत बांधावरून चालताना तो काठी घेतो. त्याच्या डिस्चार्ज कार्डवर इंग्रजीत अर्धं पान होतं, त्यातही बराचसा भाग स्टेपलरच्या तपशिलाचा. ‘उलटी थांबली नाही तर काय’ हे मराठीत एका ओळीतही नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या समोर अशक्त तरुण होता, त्यांनी सलाईन लावलं. शहरातल्या सर्जनची सुरी चुकली असंही म्हणत नाही. दोघांच्या मध्ये जे असायला हवं होतं ते कोणाचं काम आहे, हेच आपण ठरवलेलं नाही. ऑपरेशनचं पॅकेज असतं, त्यात खोलीचं भाडं, स्टेपलर, भूल सगळं धरलेलं असतं. त्यानंतरची वर्षं पॅकेजमध्ये नसतात. वास्तविक या शस्त्रक्रियेनंतर बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जवळपास आयुष्यभर घ्यायच्या असतात आणि ठरावीक काळानं रक्त तपासायचं असतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह मुळातच कमी असतं, त्यामुळे आपल्याला तर हे अधिकच लागू. पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात, आणि लग्नासाठी ऑपरेशन करून घेणाऱ्या मुलींच्या सासरी हे माहीत नसतं. बायपास झालेल्या माणसानं गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून ब्रुफेन घेतली तर जठर आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. बायपासनंतर कधीतरी, अगदी दोन-तीन वर्षांनी, अचानक पोटात तीव्र कळ आली तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, आणि ते ॲसिडिटी म्हणून घरी पाठवण्यासारखं नसतं. हे सगळं कधी ना कधी तालुक्याच्या दवाखान्यातच येणार आहे.

२०१७ साली इजिप्तमधून जवळपास पाचशे किलो वजनाच्या एका तरुणीला मालवाहू विमानानं मुंबईत आणलं, तेव्हा सगळ्या वाहिन्या तिच्या वजनाचे आकडे रोज सांगत होत्या. नंतर किती किलो खरंच उतरले यावरून रुग्णालय आणि तिच्या बहिणीत जाहीर वाद झाला. तिला अबुधाबीला हलवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे ती गेली. तिला इतर अनेक आजार होते आणि मृत्यूचा ठपका मी शस्त्रक्रियेवर ठेवत नाही. पण आपण बातमी म्हणून काय पाहत होतो, तर किलो. ती बोलू शकते का, बसू शकते का, पुढे तिला कोण पाहणार, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले.

जाहिरातीतही तेच चाललं आहे. सहा महिन्यांत ४५ किलो, हा आकडा फलकावर छापायला सोपा असतो. जो विचारायला हवा तो आकडा वेगळा आहे. पाच वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, त्यांतले किती जण आज तुमच्या संपर्कात आहेत? किती जणांचं रक्त गेल्या वर्षात तपासलं गेलं? ज्या केंद्राला हे सांगता येतं, तिथे सर्जनसोबत आहारतज्ज्ञ, फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि फोन करून पाठपुरावा करणारं माणूस असतं, असा माझा अनुभव आहे. ज्याला सांगता येत नाही, तिथे ऑपरेशन थिएटर कितीही चकचकीत असो, मी माझ्या नातेवाइकाला पाठवणार नाही. राज्य सरकारनं ही नोंद ठेवणं बंधनकारक करावं. विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेचे पैसे देताना पुढच्या तपासण्या आणि गोळ्या त्याच दाव्याचा भाग मानाव्यात. इतकी वर्षं रुग्ण केंद्राकडे येत नाहीत ही सबब मला मान्य नाही. महिन्यातून एकदा सांगलीत, लातुरात, जळगावात येऊन ओपीडी करणारे सर्जन आहेत. नवे रुग्ण मिळवायला ते येतात, तसाच जुन्या रुग्णांसाठी त्याच टेबलावर अर्धा दिवस राखून ठेवणं त्यांना अशक्य नाही.

तोवर आम्ही काही जणांनी आमच्यापुरतं एक काम केलं आहे. मी, त्या मुलाचं निदान करणारे फिजिशियन आणि एक आहारतज्ज्ञ, असं तिघांनी मिळून पाकिटात मावेल असं मराठी कार्ड छापलं आणि आसपासच्या दवाखान्यांत ठेवलं. वर रुग्णाचं ऑपरेशन कोणतं आणि कधी झालं. खाली डॉक्टरांसाठी सूचना: उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन, ब्रुफेनच्या जातीची गोळी नको, पोटात तीव्र कळ असेल तर सीटी स्कॅन आणि सर्जनला फोन. मागच्या बाजूला घरच्यांसाठी मजकूर आहे. पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला, खांदा किंवा पोट दुखू लागलं, पोटरी सुजली, धाप लागली, किंवा दिवसभर पाणीही पोटात राहिलं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. त्याखाली एक रिकामी चौकट आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा, रात्री उचलला जाणारा फोन नंबर तिथे केंद्रानंच लिहून द्यायचा आहे.